चहाचं दुकान मोठं की फौज? ‘शाज्याबांग’ या चिनी ऑपेराच्या फेरलेखनाचं प्रकरण

जुलै १९६४ मध्ये माओ त्से तुंग यांनी बीजिंगमध्ये एक नवं जिंगजू पाहिलं. जिंगजू म्हणजे आपण ज्याला पेकिंग ऑपेरा म्हणतो ते. नाटकाचं नाव होतं ‘बोरूच्या रानातली ठिणगी’. प्रयोग त्यांना आवडला, पण त्यांनी काही सूचना केल्या. सशस्त्र लढा ठळक करा, सैन्य आणि जनता यांचं नातं अधिक दाखवा, सैनिकांचं गायन भारदस्त करा, आणि शेवटी फौज वेशांतर करून नव्हे तर समोरून चाल करून आत शिरू द्या. नावाबद्दलही एक कोटी झाली: बोरूच्या रानात सगळं पाणीच, तिथे ठिणगीचा वणवा कसा पेटणार? गोष्ट जिथे घडते त्या गावाचं नाव द्यावं. त्याप्रमाणे नाटकाचं नाव ‘शाज्याबांग’ झालं.

चीनमधलं राजकारण आणि ऑपेरा म्हटलं की बंदी, छळ, जाळपोळ हेच आठवतं. ते सगळं झालं. पण इथे राजकीय मागणी बंदीहुकूम म्हणून आली नाही. ती दिग्दर्शकाने तालमीत कराव्यात तशा सूचनांच्या रूपात आली. प्रवेश वाढवा, पद लांबवा, शेवट बदला. त्यामुळे कुठली सूचना रंगमंचावर किती किमतीला पडली हे प्रवेशागणिक तपासता येतं. अशी सोय फार कमी नाटकांत मिळते.

आधीची जमीन

१९४९ नंतर नव्या सरकारने पारंपरिक रंगभूमीची सुधारणा हाती घेतली. मे १९५१ च्या आदेशात तीन कामं सांगितली होती: नाटकं सुधारा, माणसं सुधारा, व्यवस्था सुधारा. १९५० ते १९५२ या काळात संस्कृती मंत्रालयाने २६ नाटकांवर बंदी घातली. खरा परिणाम केला तो तिसऱ्या कलमाने. खासगी मंडळं हळूहळू सरकारी झाली, नटांना पगार सुरू झाले, आणि तिकीटबारीच्या जागी मालक म्हणून पक्षाची समिती आली. पुढे १९६४ मध्ये एका सूचनेवर अख्खं मंडळ महिनोन्‌महिने एकाच संहितेवर बसू शकलं ते यामुळेच. तिकिटांवर जगणाऱ्या कंपनीला ते परवडलं नसतं.

डिसेंबर १९६३ मध्ये माओंनी रंगभूमीवर अजून ‘मेलेल्यांचंच’ राज्य असल्याची टीका केली. राजे, सेनापती, पंडित आणि सुंदऱ्या यांच्याच कथा चालू आहेत, असा रोख होता. त्यामुळे आधुनिक विषयावरच्या संहितांची निकड एकाएकी वाढली आणि ५ जून ते ३१ जुलै १९६४ या काळात बीजिंगमध्ये आधुनिक विषयांवरच्या जिंगजूचा महोत्सव भरला. आपलं नाटक त्यातलंच.

कच्चा माल

मूळ हकिगत १९३९ ची. यांगत्सेच्या दक्षिणेला, यांगचंग सरोवराच्या भागात, जपान्यांशी लढणाऱ्या कम्युनिस्टांच्या नव्या चौथ्या सेनेची तुकडी पुढे गेली तेव्हा ३६ जखमी सैनिक मागे ठेवावे लागले. गावकऱ्यांनी त्यांना बोरूच्या दलदलीत लपवलं. (सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या आठव्या रूट सेनेत होते, तिचीच ही मध्य चीनमधली बहीण.) त्यावर पन्नाशीच्या दशकाअखेर एक वृत्तलेख लिहिला गेला आणि त्यावरून शांघायच्या हुजू मंडळाने नाटक बसवलं. संहिता मुख्यतः वन मू यांची.

हुजू हा शांघायचा स्थानिक प्रकार. बोलीभाषेतला, घरगुती, फार जुना नाही. त्यात चहावाली, गावची म्हातारी, सावकाराचा पोरगा सहज वावरतात. जिंगजूचं तसं नाही. तिथे पात्रं शंग (पुरुष), दान (स्त्री), जिंग (रंगवलेल्या चेहऱ्याचा पुरुष), चौ (विदूषक) अशा साच्यांत बसतात आणि प्रत्येक साच्याचा आवाज, चाल, पोशाख ठरलेला असतो. हुजूत नैसर्गिक वाटणारी चहावाली जिंगजूत कुठल्या आवाजात गाणार, हा प्रश्न राजकारणाच्या आधीचा आहे.

१९६३ च्या अखेरीस माओंच्या पत्नी जियांग चिंग यांनी ही हुजू संहिता बीजिंगच्या जिंगजू मंडळाकडे दिली. रूपांतर करणाऱ्या चौघांत वांग झेंगची होते. कथालेखक, कादंबरीकार शन त्सुंगवन यांचे विद्यार्थी, १९५८ मध्ये ‘उजवे’ ठरवून शेतकी संस्थेत धाडलेले आणि १९६२ मध्ये परतून या मंडळात लेखक म्हणून लागलेले. घाईने लिहिलेला ‘भूमिगत दूत’ नावाचा पहिला खर्डा तालमीच्या टप्प्यावरच नापास झाला. त्यानंतर बीजिंगचे महापौर पेंग झेन यांच्या पाठिंब्याने फेरलेखन झालं, हुजूचं मूळ नाव परत आलं, आणि १९६४ च्या वसंतात नाटक चाललं. पेंग झेन यांचं नाव लक्षात ठेवावं, कारण दोन वर्षांत ते या नाटकाच्या इतिहासातून खोडलं गेलं.

गोष्ट आणि तिचा कणा

आचिंग साओ, म्हणजे आचिंगची बायको (साओ हा वहिनीसारखा शब्द), शाज्याबांग गावात ‘छुनलाई’ चहागृह चालवते. ती पक्षाची भूमिगत दूत आहे. जपान्यांशी संगनमत केलेल्या टोळीफौजेचा सेनापती हू छुआनखुई गावात येतो. पूर्वी त्याच्याजवळ दहाबारा माणसं आणि सातआठ बंदुका होत्या तेव्हा जपानी मागे लागले असताना तिनेच त्याला पाण्याच्या रांजणात लपवून वाचवलं होतं. तो उपकार मानतो. पण त्याचा सल्लागार दियाओ दयी, जमीनदाराचा जपानमध्ये शिकलेला मुलगा, तिच्यावर संशय घेतो. नाटकात दलदलीत १८ जखमी सैनिक लपलेत आणि त्यांचा नेता आहे गुओ ज्यानग्वांग.

चौथा प्रवेश ‘अकलेचा सामना’ हा नाटकाचा जीव. दियाओ तिला जोखतो, ती त्याला जोखते, आणि हू दोघांच्या मध्ये बसलाय. हुजूत हा सामना मुख्यतः दोघांचा होता. जिंगजूत हूला रंगमंचावर ठेवून तिघांची जनान्तिकं एकात एक गुंफली. दियाओ स्वतःशी म्हणतो, ही बाई साधी नाही. ती स्वतःशी, याच्या पोटात काय काळंबेरं आहे? हू स्वतःशी, हा दियाओ माझं तोंडसुद्धा राखत नाही. मग पुन्हा ती, हा भुश्याचा पोता मात्र वारा अडवायला बरी भिंत आहे. तिघंही एकाच शिपी चालीच्या (जिंगजूच्या दोन मुख्य चालींतली चपळ चाल) कुटुंबात गातात, पण दियाओच्या ओळी ‘उलट्या शिपी’त, म्हणजे खालच्या स्वरक्षेत्रात, घोटाळत जातात. पुढे दियाओ स्तुतीच्या आडून खडा टाकतो, नव्या चौथ्या सेनेशी तुझं येणंजाणं होतं, त्यांची बडदास्त तू अगदी नीट ठेवली असशील. तिचं उत्तर अस्सल दुकानदारणीचं आहे. तांब्याची किटली, चौरस टेबलं, येईल तो गिऱ्हाईक, समोर हसायचं, पाठ फिरली की विसरायचं. माणूस गेला की चहा गार. एवढं म्हणून ती उरलेला गार चहा फेकून देते. कलाटणी त्या फेकण्यात आहे. शब्दांनी ती आपण कुणाच्याच नाही असं सांगते, आणि हाताने विचारणाऱ्याला गप्प करते.

हे पद वांग झेंगची यांचं. पाच मिनिटांत खलनायक, मूर्ख आणि नायिका तिघांचे स्वभाव सुटतात, एकही घोषणा न देता. आधुनिक जिंगजूत याच्या तोडीचा दुसरा प्रवेश सापडणं कठीण.

सूचना आणि त्यांची किंमत

पहिली सूचना शेवटाबद्दलची होती. हुजूत आणि १९६४ च्या जिंगजूत शेवट हूच्या लग्नात होतो. सैनिक वाजंत्री, भोई वगैरे बनून लग्नमंडपात शिरतात आणि पाहुण्यांसकट वराला पकडतात. वेशांतर, गोंधळ, विदूषकी, भरपूर हशा. चहावालीच्या हिकमतीने चाललेल्या नाटकाला हा शेवट शोभतो, कारण शेवटचा डावही हिकमतीचाच आहे.

नव्या आराखड्यात लग्न गेलं. त्याजागी आठवा, नववा आणि दहावा असे तीन प्रवेश आले: रात्रीची कूच, तटावरून मुसंडी आणि खातमा. जिंगजूला हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हतं. कोलांट्या, उड्या, हत्यारांची जुगलबंदी हा ‘वू’ अंगाचा, म्हणजे मारामारीच्या अंगाचा, वारसा तिथे तयारच होता. गुओची भूमिका करणारे थान युआनशौ हे जिंगजूचे जुने दिग्गज नट थान शिनपेई यांचे पणतू, फुल्यानछंग शाळेत तयार झालेले, गाणं आणि मारामारी दोन्हींत पक्के. सैनिक एकामागून एक तटावरून उडी घेतात तेव्हा आजही टाळ्या पडतात.

बिघाड संहितेत झाला. सात प्रवेश जे नाटक संभाषणावर, नजरेवर आणि संशयावर चालतं, ते शेवटच्या तीन प्रवेशांत पायांवर आणि बंदुकांवर चालू लागतं. आचिंग साओकडे या तीन प्रवेशांत निर्णायक असं काही उरत नाही. दियाओचंही तेच. एवढा धूर्त माणूस, पण त्याला हरवायला अक्कल लागतच नाही, नुसता तट ओलांडावा लागतो. जिंगजूच्या प्रेक्षकाला असा सांधा लगेच जाणवतो, कारण तो ‘वन’ (गाण्याबोलण्याची) आणि ‘वू’ अशी दोन वेगळी नाटकं पाहायला सरावलेला असतो. इथे एकाच तिकिटात दोन्ही जोडून मिळतात.

दुसरी सूचना गुओला वाढवण्याची. त्यासाठी पाचवा प्रवेश, ‘तग धरणं’, फुगवला गेला. दलदल, पाऊस, उपाशी सैनिक, वादळ, आणि ताई पर्वताच्या शिखरावरच्या पाइन वृक्षासारखं ताठ उभं राहण्याचं समूहगान. गुओला मोठं पद मिळालं ते अरहुआंग चालीत. लयमुक्त सुरुवात, मग पटकन बांधलेली जोड, मग संथ विलंबित. अरहुआंग ही चिंतनाची, जडशीळ भावनेची चाल; शिपीपेक्षा मंद आणि भारी. आवाजाची निवडही विचारपूर्वक झाली. तरुण पुरुषाचा परंपरागत शाओशंग आवाज कृत्रिम, बारीक असतो आणि सैनिकाला तो हास्यास्पद वाटला असता, म्हणून गुओ लाओशंगच्या, प्रौढ पुरुषाच्या खऱ्या आवाजात गातो, फक्त दाढी न लावता. दाढी गेली की लाओशंगच्या हातांचं अर्धं काम जातं. दाढी कुरवाळणं, उडवणं, झटकणं. त्याची भरपाई कमरेच्या पट्ट्याने आणि पिस्तुलाने करावी लागली.

आता या पदाची पहिली ओळ पाहा. पैलतीरावर गोळ्या झाडल्याचा आवाज ऐकू येतो, तिथून ते सुरू होतं. त्या गोळ्या का झाडल्या गेल्या? चौथ्या प्रवेशाच्या अखेरीस दियाओ गावकऱ्यांना जबरदस्तीने मासेमारीला पाठवायचा बेत करतो, म्हणजे आपलेच लोक आले असं समजून लपलेले सैनिक बाहेर पडतील. सैनिकांना सावध करायचं तर बार ऐकू जायला हवा. आचिंग साओ वीट आणि गवती टोपी पाण्यात फेकते, कुणी पाण्यात उडी मारली असं समजून शत्रूच गोळी झाडतो, आणि बाराचा आवाज दलदलीपर्यंत पोचतो. म्हणजे नायकाचं सर्वांत मोठं पद हे नायिकेच्या युक्तीचा प्रतिध्वनी आहे. गुओला किती ओळी द्या, किती उजेड द्या, कथानकाच्या साखळीत तो तिच्या नंतरची कडी आहे. हे बदलायचं तर चौथा प्रवेशच मोडावा लागला असता, आणि तो मोडायची कुणाची छाती झाली नाही, कारण नाटक त्याच्यावरच चालत होतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. वरून आलेली प्रत्येक सूचना नाटकाच्या मुळावर आली असं नाही. संगीताकडे एवढं बारीक लक्ष पुरवण्याइतका वेळ आणि पैसा राजकीय आश्रयाशिवाय मिळाला नसता. चाली बांधणारे ली मूल्यांग हे मा ल्यानल्यांग यांच्यासारख्या दिग्गज गायकनटाचे जिंगहूवादक (जिंगहू म्हणजे जिंगजूत साथीला असणारं दोन तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य). त्यांना एकेका ओळीवर काम करायला मिळालं. जियांग चिंग यांना रंगभूमीचं कळत नव्हतं हा नंतरचा सोयीचा समज आहे. त्या स्वतः नटी होत्या. त्यांना कळत होतं, म्हणूनच त्यांचा हस्तक्षेप इतक्या खोलवर पोचला.

खालून वर की समोरून?

१९६४ मध्ये ‘सशस्त्र लढा ठळक करा’ ही नाट्यसूचना होती. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाल्यावर तिचा अर्थ पार बदलला. शत्रूच्या ताब्यातल्या भागातलं भूमिगत काम हे पक्षात लिऊ शाओची (तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष) यांच्या नावाशी जोडलेलं. पेंग झेनही त्याच पठडीतले. मे १९६६ मध्ये पेंग झेन पडले, पुढे लिऊ शाओची पडले, आणि आता चहावाली मोठी की सैनिक मोठा हा प्रश्न दोन राजकीय मार्गांमधला ठरला. भूमिगत दूताला मध्यभागी ठेवणारी जुनी आवृत्ती म्हणजे लिऊंच्या मार्गाची भलामण, असा तिच्यावर आरोप आला. ज्या महापौरांनी नाटक उभं करायला मदत केली त्यांची मदत आता घातपात म्हणून सांगितली जाऊ लागली.

मे १९६७ अखेर ‘आदर्श’ कलाकृतींची आठ नावं जाहीर झाली. त्यांत ‘शाज्याबांग’ दोनदा आहे: एकदा जिंगजू म्हणून, एकदा त्याच संगीतावरची सिंफनी म्हणून. मे १९६८ मध्ये संगीतकार यू हुइयोंग यांनी ‘तीन ठळकपणां’चं सूत्र मांडलं. सगळ्या पात्रांत चांगल्यांना ठळक करा, चांगल्यांत वीरांना, वीरांत मुख्य वीराला. या सूत्राप्रमाणे एका नाटकात एकच शिखर असू शकतं. ‘शाज्याबांग’मध्ये ते गुओ असायला हवं, आणि प्रेक्षकांच्या डोक्यात ते आचिंग साओ होतं. म्हणून संहितेत जे जमेना ते नेपथ्यात आणि उभं राहण्याच्या जागांत करून पाहिलं. गुओ मध्यभागी, उंचवट्यावर, उजेडात. शत्रू कडेला, खाली. १९७१ चा चित्रपट छांगछुन स्टुडिओत वू झाओदी यांनी केला. त्या काळच्या चित्रीकरणाचा नियमच होता: शत्रू दूर, आम्ही जवळ, शत्रू अंधारात, आम्ही उजेडात, शत्रू लहान, आम्ही मोठे, शत्रू वरून टिपलेला, आम्ही खालून. पण तिघांची जनान्तिकं चित्रित करायला लागलात की दियाओचा चेहरा जवळून दाखवावाच लागतो. त्याच्या डोळ्यांत संशय दिसला नाही तर पद मरतं.

माणसांचं काय झालं? पहिली आचिंग साओ, ख्यातनाम अभिनेत्री झाओ यानश्या, भूमिकेतून काढल्या गेल्या आणि सांस्कृतिक क्रांतीत त्यांचा छळ झाला. त्यांच्या जागी होंग शुएफेई आल्या. त्या मूळच्या खुनछू या जिंगजूहून जुन्या ऑपेराप्रकारातल्या नटी. त्यांचं उत्तरी खुनछू नाट्यगृह १९६६ मध्ये बरखास्त झालं होतं. खुनछूचं गाणं बासरीच्या संगतीचं, लांब ओढलेलं. जिंगजूचं जिंगहूच्या धारेवरचं. एका कलाप्रकाराला टाळं लावून त्याच्या नटीला दुसऱ्या प्रकारात सर्वांत गाजलेल्या भूमिकेसाठी घडवावं लागलं, यावरून माणसांचा साठा किती आटला होता ते कळतं. वांग झेंगची यांना कोंडून ठेवलं होतं. १९६८ मध्ये त्यांना सशर्त बाहेर काढलं ते याच संहितेच्या कामासाठी.

मे १९७० ची आवृत्ती अंतिम ठरून ‘होंगची’ या पक्षाच्या नियतकालिकात छापली गेली. त्यावरून लेखकांची नावं गेली आणि मंडळाचं सामूहिक नाव आलं. देशभरच्या मंडळांनी ती जशीच्या तशी करायची. त्यासाठी स्वरलिपी, पोशाखाचे नमुने, उभं राहण्याच्या जागांचे नकाशे यांची पुस्तकं निघाली. जिंगजूची परंपरा गुरूगणिक बदलणाऱ्या शैलींवर जगलेली. मेई घराण्याची ओळ छंग घराण्याचा शिष्य वेगळी गातो, आणि ते पाहायलाच लोक येतात. नकाशाबरहुकूम नाटक म्हणजे त्या परंपरेच्या अगदी उलट गोष्ट. माझ्या मते जिंगजूचं सर्वांत मोठं नुकसान इथे झालं, शेवट बदलण्यात नव्हे. दहा वर्षं एक पिढी दुसऱ्याची अचूक नक्कल करायला शिकली.

नंतर

ऑक्टोबर १९७६ मध्ये जियांग चिंग यांना अटक झाली. आता ‘शाज्याबांग’वर काम केलेलं असणं हाच डाग झाला आणि वांग झेंगची चौकशीत अडकले. त्यातून सुटल्यावर त्यांनी कथा लिहिल्या आणि आज चिनी वाचक त्यांना त्या कथांसाठी ओळखतो. १९९० च्या दशकात त्यांच्या संग्रहात ही संहिता आली, पण हुजूच्या मूळ लेखकांचा उल्लेख त्यात नव्हता. त्यावरून प्रकरण कोर्टात गेलं. १९७० मध्ये सर्वांचीच नावं पुसल्यामुळे कुणाची कुठली ओळ हे सांगणं अवघड होऊन बसलं होतं, त्याचा हा उशिरा आलेला हिशेब.

दुसरा वाद २००३ चा. हांगझौच्या ‘ज्यांगनान’ नियतकालिकात ‘शाज्याबांग’ याच नावाची एक लघुकादंबरी आली. तीत आचिंग साओचे हू आणि गुओ दोघांशीही संबंध दाखवले होते. शाज्याबांग गावातून तीव्र निषेध झाला आणि नियतकालिकाला माफी मागावी लागली. ही पळवाट मूळ संहितेतच होती. नाटकात आचिंग कधी येतच नाही. भांडून शांघायला धंद्याला गेलाय, एवढंच कळतं. आदर्श नाटकांत नवराबायको असं जोडपं जवळपास नाहीच, कारण संसार आला की निष्ठा वाटली जाते. त्यात नाटकातलं एकुलतं एक लग्नही शेवटाबरोबर गेलं. चाळीस वर्षांनी कुणीतरी ती रिकामी जागा स्वतःच्या पद्धतीने भरली. गावाला ते खपलं नाही, यात भावनेइतकाच व्यवहारही आहे. बोरूची दलदल आता पर्यटनस्थळ आहे आणि तिथे छुनलाई चहागृह उभं आहे.

पूर्ण दहा प्रवेशांचा प्रयोग अजूनही अधूनमधून होतो. मैफलीत, टीव्हीवर, बागेत जमणाऱ्या हौशी गायकांत मात्र ‘शाज्याबांग’ म्हणजे चौथा प्रवेश. तीन माणसं, एक टेबल, एक किटली. रातोरात बसवता येतो, पोशाख नसले तरी चालतो. तटावरून उड्या मारायला प्रशिक्षित पथक लागतं आणि ते पोसणं आता फार थोड्या मंडळांना जमतं. गुओचं अरहुआंग पद लाओशंग गायक स्पर्धेत गातात, तेही सुटं. ते सुरू होतं त्या गोळ्या कुणामुळे झाडल्या गेल्या हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे तिचं नाव घ्यावं लागत नाही.